डावीकडे चालणारा माणूस

छत्री उलटी झाली तेव्हा पहिली शिवी मी वाऱ्याला दिली आणि दुसरी चिमणीला.

चिमणी म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्न करून इथे, परदेशात, समुद्रकाठच्या या गावात येऊन तिला चार वर्षं झाली. चार वर्षं "ये गं, ये गं" म्हणून तिने माझा जीव खाल्ला. आणि मी खरोखर आले, तर पहिल्याच दिवशी बाईसाहेबांना ऑफिसात मीटिंग! "तू तोवर समुद्राच्या कठड्याकडेने फिरून ये. मस्त हवा असते," म्हणाली. हवा कसली... वारा नुसता कानफटात मारत होता. त्यात बारीक पाऊस, तोही आडवा. चिमणीची फुलाफुलांची छत्री मी दोनदा सरळ केली. तिसऱ्यांदा ती हातातून सुटली आणि उडत निघाली.

"अहो... अहो, छत्री!" मी ओरडले. चक्क मराठीत. इथे कोणाला कळणार होतं?

पण एकाला कळलं. समोरच्या बाकावरून एक उंच माणूस उठला, धावला, कठड्यावरून अर्धा बाहेर झुकला आणि छत्रीची दांडी पकडली! मग तसाच झुकून खाली पाण्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मला वाटलं, चक्कर आली की काय याला.

"लागलं का तुम्हाला?"

"नाही, नाही." तो सरळ झाला. छत्री पुढे केली, पण माझ्या हाताच्या भलतीकडेच. "घ्या. फुलं वाचली तुमची."

"तुमचं काही पडलं का पाण्यात?"

"माझं?" तो हसला. "छे. काही नाही."

हसताना त्याने डोळे बारीक केले आणि माझ्याकडे असं बघितलं... असं बघितलं, की मी घाईघाईने मान वळवली, थँक्यू पुटपुटले आणि चालू लागले.

ही मान वळवायची भानगड आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. माझ्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, कोडाचा पांढरा डाग आहे. दुखत नाही, खुपत नाही, कोणाला लागत नाही. पण तेराव्या वर्षापासून मी माणसांना उजवीकडे ठेवायला शिकले. बसमध्ये डावीकडची खिडकी माझी. लग्नाच्या पंगतीत डावीकडचं टोक माझं. दोन स्थळं या गालावरून घसरली. दुसऱ्या मुलाची आई म्हणाली, "मुलगी गुणी आहे हो, पण..." आणि पुढचं वाक्य त्यांनी बिस्किटाबरोबर गिळून टाकलं. त्या दिवशी आईच म्हणाली, जा, चिमणीकडे आठवडाभर राहून ये.

आणि आमचं चष्म्याचं दुकान आहे. बाबा फ्रेमा बघतात, मी नंबर काढते. निघताना बाबांनी बजावलं होतं, "सुट्टीवर चाललीस ना? मग कोणाच्या डोळ्यांत बघून नंबर ओळखत बसू नकोस." मी कबूल केलं होतं. ते एक वचन मी इतकं चोख पाळलं, की बाबांना सांगायचीसुद्धा लाज वाटते.

संध्याकाळी जिजूंनी, म्हणजे चिमणीच्या नवऱ्याने, ऑफिसातल्या एका दोस्ताला जेवायला बोलावलं होतं. दोघं बंदराच्या ऑफिसात. जिजू बांधकाम बघतात, हा दोस्त नकाशे काढतो. घंटी वाजली. दार मी उघडलं.

तोच! दुपारचा छत्रीवाला! मी अगदी मनापासून हसले.

तो पाहुण्याने हसावं तसं हसला, "नमस्कार" म्हणाला आणि माझ्या शेजारून आत गेला. पायपुसण्याला अडखळून.

मी दारातच उभी. म्हणजे... ओळखलंच नाही? माझा चेहरा? अहो, माझा चेहरा एकदा बघितलेले लोक दहा वर्षांनी भाजीबाजारात ओळखतात! "त्या डागवाल्या चष्मेवाल्यांची मुलगी ना?" आणि याला सहा तासांत विसर पडला?

मी पाणी नेलं. पेला जरा आपटूनच ठेवला. "पाणी."

"अरे! छत्री!" तो ताडकन उभा राहिला. चेहरा असा खुलला, की मला काय करावं सुचेना. "तुम्ही इथे?"

"दारात मीच होते."

"हो? चुकलंच. आवाज ऐकला आणि ओळखलं."

"चेहरा काही लक्षात राहण्यासारखा नसेल."

"चेहरा..." तो थांबला. "चेहरा पक्का लक्षात आहे."

आता याचा अर्थ काय लावायचा? लक्षात आहे, तर ओळखला नाही का? आणि ओळखला नाही, तर लक्षात आहे कसा? मी स्वयंपाकघरात जाऊन चिमणीला विचारलं, "हा असाच आहे का गं?" ती म्हणाली, "लंबू? हिरा आहे हिरा." जेवता जेवता जिजूंनी विचारलं, "लंबू, तू रजेवर आहेस ना? मग हिला रोज एक गाव दाखव की किनाऱ्यावरचं. आम्हा दोघांना शुक्रवारपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही." लंबूने भाताऐवजी लोणच्याचा मोठा चमचा पानात वाढून घेतला आणि म्हणाला, "चालेल. गाडी गॅरेजमध्ये आहे. बसने जाऊ."

मग ते लोणचं त्याने डोळ्यांत पाणी येईपर्यंत संपवलं. का, ते मला कळलं नाही.

मंगळवारी निघालो. बसथांब्यावर पाटी होती, भली मोठी.

"वाचा ना," लंबू म्हणाला.

"तुम्ही सहा वर्षं इथे राहता. तुम्हीच वाचा."

"तुम्ही वाचलेलं ऐकायला बरं वाटतं."

झालं! मी सगळ्या बसचे नंबर, सगळ्या गावांची नावं, वर 'येथे धूम्रपान करू नये' हेसुद्धा वाचून दाखवलं. आपल्या आवाजाचं इतकं कौतुक कधी कोणी केलं नव्हतं. आमच्या दुकानात मी दिवसभर दुसऱ्यांना वाचायला लावते. मला कोण वाच म्हणणार?

बस आली. मी सवयीने डावीकडच्या खिडकीकडे वळले, तर हा माझ्याआधी तिथे बसलेला. "तिथे मी बसते ना," मी म्हटलं. "इकडून ऊन येतं, तुम्हाला त्रास होईल," तो म्हणाला. बाहेर उन्हाचा पत्ता नव्हता. मला त्याच्या उजवीकडे बसावं लागलं, डावा गाल त्याच्याकडे करून. अख्खा रस्ता मी मान उजवीकडे करून समोरच्या आजोबांची टोपी बघत बसले.

उतरल्यावर चालतानाही तेच. मी वळसा घालून त्याला उजवीकडे घ्यायची, दहा पावलांत हा पुन्हा डावीकडे. मी थांबले तर तो थांबायचा. मी बुटाचा बंद बांधायला वाकले, उठले, तर हा डावीकडे हजर. मला वाटलं, डाव्या कानाने ऐकू येत नसेल बिचाऱ्याला, म्हणून मला उजव्या कानाशी ठेवत असेल. खात्री करायला मी पटकन पलीकडे गेले आणि अगदी हळू म्हटलं, "वेडा आहे हा."

"ऐकू आलं," तो म्हणाला. आणि पुन्हा डावीकडे आला.

धक्क्यावर पोचलो. "ते बघा, पार तिकडे टोकाला, आमचं पांढरं दीपगृह," त्याने ऐटीत हात केला.

"पांढरं? लाल आहे की ते!"

"लाल?" तो गोंधळला. "कधीपासून?"

"मला काय विचारता? मी काल आले."

"मला अजून पांढरंच दिसतं हो," तो म्हणाला आणि स्वतःशीच हसला. मी पण हसले. थट्टा करायची ही कसली तऱ्हा, हे काही समजलं नाही, पण हसू येत होतं खरं. मग "दोन मिनिटांचं काम आहे," म्हणून मला एका बाकावर बसवून तो कोपऱ्यावरून गेला तो पाऊण तासाने उगवला. मी रागाने लाल, दीपगृहासारखी. "सॉरी. शुक्रवारी परत यावं लागेल इथे. याल ना बरोबर?" असं त्याने इतक्या आर्जवाने विचारलं, की माझा राग कुठे गेला ते मलाच सापडेना.

बुधवारी बोटीने समोरच्या बेटावर गेलो. तिथे ओहोटीला खडकांत पाण्याची लहान लहान डबकी साचतात आणि त्यांत चांदणीच्या आकाराचे मासे सापडतात. परतायच्या वेळी तो धक्क्यावर उभा होता आणि मी तिकिटाच्या खिडकीजवळ. मी हात केला. त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात केले. त्याने माझ्याकडे बघत बघत मान फिरवली... आणि माझ्यासारखाच निळा कोट घातलेल्या एका अनोळखी बाईला हात करून हसला!

बोटीत मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तुमची ती निळ्या कोटाची मैत्रीण राहिली मागे."

"कोण?" मग कानापर्यंत लाल. "अगं... ती तू नव्हतीस?"

तुम्हीचं 'तू' झालं ते असं, भर भांडणात. त्यामुळे धड भांडताही येईना. काय माणूस आहे हा? जवळ असला की जगात माझ्याशिवाय कोणी नसल्यासारखा वागतो. वीस पावलांवर गेले की ओळख दाखवत नाही. रात्री पांघरुणात शिरून मी बोटांवर मोजलं. आवडते, नाही आवडत. आवडते, नाही आवडत. बोटं दहा, म्हणून 'नाही' आलं. मग मी अंगठे सोडून मोजलं. तरी 'नाही'च.

गुरुवारी कड्यावर. वर जायला दगडी पायऱ्या, दोनशे चौदा, पावसाने निसरड्या.

"हात देशील?" तो म्हणाला.

"मी पडणार नाही."

"तरी दे."

दिला. त्याने असा घट्ट धरला, असा घट्ट, की अंगठीची खूण बोटात उठली. एका पायरीलाही सोडला नाही. वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती, आणि ती सगळी पायऱ्यांमुळे होती असं मी तरी म्हणणार नाही. खाली नुसता समुद्र. वाऱ्याने माझी ओढणी मागे उडाली, केस मागे गेले, गाल उघडा पडला. मान वळवायलाही वेळ मिळाला नाही.

तो बघत होता. सरळ.

मला लोकांच्या नजरा पाठ आहेत. आधी गालावर येतात, दचकतात, मग पटकन माझ्या कानातल्यांवर, भिंतीवर, कुठेतरी जातात. याची नजर कुठेच गेली नाही. माझ्या चेहऱ्यावर होती, तिथेच राहिली.

"काय बघतोस?"

"तुला."

"काय दिसतंय?"

"...छान दिसतंय."

"काय दिसतंय विचारलं. कसं नाही."

तो हसला आणि जवळ आला. अजून थोडा जवळ. डोळे बारीक करून, हळूहळू मान खाली आणत... आणि पायऱ्यांवरून दहा-बारा टुरिस्टांचं टोळकं धापा टाकत वर आलं! तो सरळ झाला. मी ओढणी बांधली. पण माझी विकेट तिथे पडली ती पडलीच. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझा गाल बघून दचकलं नव्हतं. मला वाटलं, बास. हाच.

शुक्रवारी सकाळी चिमणीने आणि जिजूंनी अर्धी रजा काढली. शनिवारी माझं विमान. आम्ही दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.

"चिमणे," मी म्हटलं, "मला लंबू आवडलाय."

ती किंचाळली. चादर सोडून नाचली. "तरी मी म्हणत होते! तू आल्यापासून बघतेय ना, साहेब चष्मा काढून फिरतायत! हिरो दिसायचंय!"

"चष्मा?"

"अगं हो. जेवायला आला त्या दिवशीच, तू आत होतीस तेव्हा, विचारलं मी, चष्मा कुठाय रे? तर म्हणे दुरुस्तीला टाकलाय, चालतं मला त्याच्याशिवाय."

"त्याच्याशिवाय?" आतून जिजू ओरडले. "त्याच्याशिवाय त्याला ऑफिसचं दार सापडत नाही! मायनस पाच आहे लंबूला! मला वाटलं, लेन्स लावल्यात!"

माझ्या हातातली दोन टोकंही खाली पडली.

मायनस पाच म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. मायनस पाच म्हणजे वीतभर. वीतभर अंतरापर्यंत स्पष्ट, पुढे सगळं धुकं. चेहरे म्हणजे नुसते गोळे, पाट्या म्हणजे रंगाचे डाग, पायऱ्या म्हणजे एक उतार. लोणचं आणि भात यांतला फरक नशिबावर. हजारो लोकांचे नंबर काढले मी! डोळे बारीक करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. आणि चार दिवस मी त्याला नजर समजत होते. ओळखणार तरी कशी? गाल लपवायच्या नादात मी त्याच्या चेहऱ्याकडे एकदाही धड बघितलं नव्हतं.

चिमणी काहीतरी बोलत होती. मला एकेक आठवत होतं. आवाज ऐकायचा नव्हता, पाटी वाचता येत नव्हती. हात धरायचा नव्हता, पायऱ्या दिसत नव्हत्या. आणि कड्यावर... नजर गालावरून हलली नाही, कारण ती गालापर्यंत पोचलीच नव्हती. मी रडले. चादरीतच तोंड खुपसून रडले.

दहाला तो आला. मी खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभी राहिले आणि हात वर केला. "किती बोटं?"

तो दारातच थबकला. "...तीन?"

"मूठ आहे."

चिमणी आणि जिजू हळूच आत सटकले.

"कळलं तर तुला," तो म्हणाला.

"कुठे गेला चष्मा?"

"समुद्रात. छत्री पकडायला वाकलो, तेव्हा."

"माझ्या छत्रीपायी? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आठवडाभर माफी मागत बसली असतीस. वहिनींनी आंधळ्याबरोबर तुला फिरायला पाठवलं नसतं. आणि जेवताना कळलं, तुझं चष्म्याचं दुकान." तो ओशाळून हसला. "म्हटलं, सांगितलं की मी हिचं गिऱ्हाईक झालो. मला गिऱ्हाईक व्हायचं नव्हतं."

एवढं बोलून त्याने मला पुन्हा गोंधळात टाकलं. चिडायचं, की... की काय?

"मंगळवारी त्या गावात नंबर काढून घेतला. नवा आज मिळणार. येतेस ना? कसा बसतो ते तूच बघ."

आलेच, असं म्हणून मी आत गेले आणि पलंगावर बसले. चिमणी मागोमाग आली.

"मी जात नाही," मी म्हटलं. "त्याने चष्मा घातला की संपलं गं. आत्ता त्याच्या डोळ्यांत मी चांगली आहे. तशीच राहू दे. उद्या निघून जाते."

"बघू दे की त्याला."

"आणि बघून तोंड फिरवलं तर?"

"तर विमान उद्याचंच आहे. आज रडून घेऊ दोघी." तिने माझ्या डोक्यावर टप्पल मारली. "पण न बघताच तोंड फिरवतेयस ती तू. ऊठ."

चिमणीचं हेच वाईट. खरं बोलते कमी वेळा, पण बोलते तेव्हा उठावंच लागतं. मी उठले.

बसथांब्यावर मी पाटी वाचली नाही. त्यानेही वाच म्हटलं नाही. बसमध्ये तो डावीकडे बसला आणि मी मान उजवीकडे फिरवून बसले. पंचवीस मिनिटं.

चष्म्याचं दुकान सगळीकडे एकसारखंच असतं. तोच आरसा, तीच अक्षरांची पाटी, तोच काच पुसायच्या पाण्याचा वास. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दुकानातल्या बाई दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून दिला. मी तो उघडला, उजेडात धरला, काड्या तपासल्या.

"डोळे मीट," मी म्हटलं.

त्याने मिटले. मी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. घसरत होता. काढला, कानामागचा बाक जरा वाढवला, पुन्हा घातला. हात आपोआप काम करत होते. छातीत मात्र धडधड इतकी, की दुकानातल्या बाईंना ऐकू जाईल असं वाटलं. आम्ही वीतभर अंतरावर होतो. मान सवयीने वळली होती. मी ती ओढून परत आणली. डावा गाल खिडकीकडे, सगळा उजेड त्याच्यावर. बघायचंच आहे ना? मग नीट बघ.

"उघड."

यापुढचा प्रश्न मी रोज पन्नास वेळा विचारते, स्पष्ट दिसतंय का म्हणून. त्या दिवशी तो तोंडातून फुटेना.

त्याने डोळे उघडले. दोनदा मिचकावले. मग माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "अरेच्चा! दीपगृह खरंच लाल केलंय की!"

"दीपगृह राहू दे!" मी जवळजवळ ओरडले. बाईंनी वळून बघितलं. "माझ्याकडे बघ. हा गाल. हा तू बघितलेला नाहीस."

"बघितलाय."

"खोटं बोलू नको. मायनस पाच आहे तुला."

"सोमवारी बघितला. छत्री उडायच्या आधी अर्धा तास मी त्या बाकावर होतो. चष्म्यासकट." तो हळू बोलत होता. "तू कठड्याकडेने फेऱ्या मारत होतीस. जाताना समुद्र तुझ्या डावीकडे, तेव्हा छत्री डोक्यावर. येताना माणसं डावीकडे यायची, तर छत्री आडवी, गालाला टेकवलेली. पाऊस तर दोन्ही वेळा सारखाच. मला काही कळेना. ही असं का करतेय? तिसऱ्या फेरीला छत्री उडाली आणि कळलं."

माझा हात गालावर गेला.

"आडवी धरलीस म्हणून तर वाऱ्यात सापडली ती," तो म्हणाला.

"मग आठवडाभर... ते डावीकडे चालणं?"

त्याने चष्मा उगाचच सारखा केला. "तू दिवसभर ती एक बाजू सांभाळत असतेस. दमत असशील. म्हटलं, तिकडे मी असलो की तुला ती सांभाळायला नको."

खरं सांगते, आतापर्यंत मला कोणी सुंदर म्हटलं असतं तरी मी इतकी रडले नसते. दुकानातल्या बाईंनी काच पुसायचा कपडा पुढे केला. मी त्यानेच डोळे पुसले.

"आणि माझा आवाज? पाट्या?" नाक ओढत मी विचारलं. हिशेब चोख झालेला बरा.

"पाट्या दिसत नव्हत्या हे खरं. ऐकायला बरं वाटायचं हेही खरं."

"आणि पायऱ्यांवर हात?"

"पायऱ्या कुठे दिसत होत्या?"

"बघ! म्हणजे..."

"पण दुसऱ्या बाजूला धरायला लोखंडी कठडा होता," तो म्हणाला. "अख्खा. वरपर्यंत."

मी त्याच्या दंडावर चापट मारली. चष्मा घसरला नाही. बसवला होता मी, घसरेल कसा?

थांब्यावर परत आलो. पाऊस थांबला होता. त्याने पाटीकडे बोट केलं.

"वाच."

"आता दिसतंय ना तुला?"

"दिसतंय. तरी वाच."

मी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, धूम्रपानासकट. मधे एकदा आवाज कापला, तर तो म्हणाला, "ही ओळ परत."

"उद्या जातेस?" वाचून झाल्यावर त्याने विचारलं.

"जाते. दुकान आहे. बाबा एकटे पडतात."

"मला अजून एक चष्मा हवाय. जादाचा. हा पण समुद्रात पडला तर? तुमच्याकडे करून मिळेल?"

"मिळेल. पण स्वतः यावं लागेल. नंबर मी काढीन."

"येईन. दिवाळी... नाही, एवढं थांबवणार नाही. पुढच्या महिन्यात येतो. आईबाबांना घेऊन आलो तर चालेल?"

"चष्मा तुला," मी म्हटलं, "आईबाबा कशाला?"

"चष्म्याला नाही," तो म्हणाला. आणि कानापर्यंत लाल झाला. या वेळी मी सरळ त्याच्याकडे बघत होते, त्यामुळे सगळं दिसलं.

"चालेल," मी म्हटलं. पण आवाजच निघाला नाही, म्हणून मानही हलवली. त्याला आता मान हललेली दिसत होती.

बस आली, जवळजवळ रिकामी. तो दारात बाजूला झाला. "जा, बस. कुठली खिडकी हवी ती घे. आज मी आधी पळत नाही."

डावीकडची खिडकी रिकामी होती. माझी, सोळा वर्षांची हक्काची. मी उजवीकडच्या खिडकीशी जाऊन बसले आणि डावीकडची जागा त्याच्यासाठी ठेवली.